ड्राफ्टमधली घसरण : वॉरन सॅप आणि त्याच्या आधी-नंतरचे

या मालिकेत आपण खेळांचा इतिहास बघतोय. पण मैदानावरचा कमी आणि मैदानाबाहेरचा जास्त. आजचा विषय अमेरिकेतला आहे. तिथे दरवर्षी एप्रिल महिन्यात एकच प्रश्न नव्याने विचारला जातो : अमुक एक धिप्पाड मुलगा, ज्याला सगळे पहिल्या चार-पाचांत धरून आहेत, तो ऐन वेळी खाली घसरेल का? नाव दरवर्षी बदलतं, प्रश्न तोच राहतो. आज आपण हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने बघूया.

सुरुवात एका तारखेपासून करू. २२ एप्रिल १९९५, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. तिथल्या थिएटरात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, वार्षिक ड्राफ्ट चालू आहे. मायामी विद्यापीठाचा वॉरन सॅप हा त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. आदल्या हंगामात त्याने लोम्बार्डी आणि नागुर्स्की असे दोन मोठे पुरस्कार मिळवलेले. एकेक नाव पुकारलं जातंय. पहिलं गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. सॅपचं नाव येत नाही. नववी पाळी न्यूयॉर्क जेट्सची. घरच्याच शहरात ड्राफ्ट, त्यामुळे सभागृहात जेट्सचे चाहते भरलेले, आणि ते सॅपच्या नावाचा घोष करतायत. जेट्सने नाव पुकारलं ते काइल ब्रेडीचं. सभागृहात हुर्यो उडाली. सॅप तसाच बसून राहिला. शेवटी बाराव्या क्रमांकावर टॅम्पा बेने त्याला घेतलं.

पुढचं आपल्याला माहीत आहे, कारण आपण नंतर जन्मलेल्यांच्या सोयीच्या जागी बसलोय. १९९९ साली तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, जानेवारी २००३ मध्ये टॅम्पाने सुपर बोल जिंकला, आणि २०१३ मध्ये सॅप हॉल ऑफ फेममध्ये गेला. मग त्या दिवशी अकरा वेळा त्याला सोडून पुढे जाणाऱ्या जाणत्या लोकांना काय दिसलं होतं? किंवा असं विचारू : काय दिसलं नव्हतं?

आधी थोडी ओळख, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा फुटबॉल आठवतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन फळ्या समोरासमोर वाकून उभ्या असतात. बचाव करणाऱ्या संघाच्या सगळ्यात पुढच्या रांगेत जे असतात ते डिफेन्सिव्ह लाइनमन. चेंडू हलला की समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला बाजूला सारून आत घुसायचं आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडायचं, हे त्यांचं काम. चेंडू फेकण्याआधी पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. हे काम अंगमेहनतीचं आहे, आणि चेंडू यांच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही. त्यामुळे यांची किंमत आकड्यांत पकडणं अवघड जातं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता ड्राफ्ट. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे बोली लागते आणि जो जास्त पैसे देईल त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नाही, पाळी आहे. मागच्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची. १९३५ साली ती मालकांनी मान्य केली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, आणि निवडायला फळ्यावर लिहिलेली सुमारे नव्वद नावं. पहिलं नाव निघालं जे बरवँगर याचं. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! म्हणजे अंदाज चुकण्याची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे.

हेतू चांगलाच होता. श्रीमंत संघांनी सगळी गुणी मुलं उचलू नयेत, लीगमध्ये चुरस राहावी. पण याची दुसरी बाजू बघा. ज्या संघाने नाव पुकारलं, त्याच संघाशी मुलाने बोलायचं. दुसऱ्या दारात जायची सोय नाही. हा व्यवहार कायद्याला धरून आहे का, यावर अमेरिकेत खटलाही झाला. जेम्स स्मिथ नावाच्या खेळाडूची कारकीर्द मानेच्या दुखापतीने पहिल्याच वर्षी, १९६८ साली, संपली. त्याचं म्हणणं होतं की खुली बाजारपेठ असती तर त्याला चांगला करार मिळाला असता. १९७८ मध्ये अपील न्यायालयाने मानलं की त्या वेळचा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी होता. तोवर खेळाडूंच्या संघटनेने करारात ड्राफ्ट मान्य केला होता, म्हणून पद्धत टिकली. तेव्हा घसरण म्हणजे नुसता मानापमान नाही. ज्या मुलाच्या हातात निवड नाही, त्याची मजुरी दुसऱ्यांच्या मनातल्या शंकेवर ठरते, असा तो प्रकार आहे.

आता मूळ शब्दाकडे येऊ. घसरला म्हणजे कशावरून घसरला? गंमत अशी आहे की संघांच्या खऱ्या याद्या गुप्त असतात. आपण ज्या क्रमाशी तुलना करतो तो क्रम पत्रकारांनी आणि टीव्हीवरच्या जाणकारांनी लावलेला असतो. १९८० पासून ड्राफ्ट टीव्हीवर दिसू लागला आणि हा अंदाज हाच एक मोठा धंदा झाला. समजा सगळ्या पत्रकारांनी एखाद्याला तिसरा धरला आणि प्रत्यक्षात कोणत्याच संघाच्या यादीत तो पहिल्या दहात नव्हता, तर तो घसरला कुठे? तो होता तिथेच होता. म्हणून इतिहास लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो : उंची मोजली कुणी?

टीव्हीच्या आधी घसरण दिसतच नव्हती. माणूस नुसता विसरला जायचा. डीकन जोन्सचं उदाहरण घ्या. दक्षिण कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात तो खेळायचा. नागरी हक्कांच्या निदर्शनात भाग घेतला म्हणून त्याची शिष्यवृत्ती गेली. मग मिसिसिपीतल्या तशाच एका छोट्या महाविद्यालयात गेला. अशा ठिकाणी व्यावसायिक संघांचे निरीक्षक फारसे फिरकत नसत. असं सांगतात की रॅम्सचे लोक दुसऱ्याच एका धावणाऱ्या खेळाडूची फिल्म बघत होते, आणि त्याच्यामागे धावून त्याला गाठणारा हा आडदांड लाइनमन त्यांच्या नजरेत भरला. १९६१ मध्ये त्याला चौदाव्या फेरीत घेतलं. पुढे तो या खेळातला दंतकथा बनलेला बचावपटू झाला. सॅक हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही त्यालाच देतात. आता चौदावी फेरी ही त्याची घसरण म्हणायची का? तो वर होताच कधी? त्याला कुणी पायरीवर चढवलंच नव्हतं.

दुसरा प्रकार शरीराचा. लाइनमनबद्दल शंका आली की ती आधी वजनकाट्यावर येते. रिचर्ड डेंट १९८३ मध्ये आठव्या फेरीत, २०३ व्या क्रमांकावर गेला. वजन जेमतेम १०३ किलोच्या आसपास, लाइनमनला कमीच. शिकागो बेअर्सने घेतल्यावर कळलं की त्याचे दात खराब आहेत, नीट खाताच येत नाही. दातांवर उपचार केले, माणूस जेवायला लागला, वजन वाढलं, आणि जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये तो सामन्याचा मानकरी ठरला. दोनशे दोन वेळा जे नाव सोडून दिलं गेलं, त्याचं दुखणं दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बरं होण्यासारखं होतं. जॉन रँडलला तर १९९० मध्ये कुणी घेतलंच नाही. उंची कमी, वजन कमी. मिनेसोटा वायकिंग्सने नुसतं बोलावून बघितलं, तेव्हा वजन जास्त भरावं म्हणून तो कपड्यांच्या आत साखळी बांधून काट्यावर उभा राहिला, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. डेंट आणि रँडल, दोघांचे कारकिर्दीतले सॅक सारखेच आहेत : १३७.५. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, ॲरन डोनाल्डही या जागेसाठी लहान चणीचा म्हणून तेराव्या क्रमांकापर्यंत थांबला. तो पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आता सॅपकडे परत येऊ, कारण तिथे तिसरा प्रकार आहे : वर्तनाची शंका. ड्राफ्टच्या अगदी तोंडावर बातम्या फुटल्या की अमली पदार्थांच्या चाचण्यांत तो सापडलाय. गांजाचं नाव होतं, कोकेनचंही होतं. कोकेनचा आरोप त्याने नाकारला. पण वेळ कुठे होती? आपल्याकडे लग्न ठरत आलं की कधीकधी एखादं निनावी पत्र येतं. त्यातलं किती खरं आणि किती खोटं, हे शोधायला आठवडा लागतो आणि उत्तर तर उद्या द्यायचं असतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, दुसरं स्थळ बघू. पत्र खोटं असलं तरी त्याचं काम झालेलं असतं. १९९५ मध्ये प्रत्येक संघाला पहिल्या फेरीत विचार करायला पंधरा मिनिटं मिळायची. पंधरा मिनिटांत चौकशी होत नाही, फक्त घाबरता येतं.

आणि ही भीती वाढत कशी जाते बघा. पहिल्या दोघा-तिघांनी सोडला तर त्यांची गरज वेगळी असेल असं म्हणता येतं. सात-आठ जणांनी सोडला की नववा विचार करतो : यांना असं काय कळलंय, जे मला कळलं नाही? प्रत्यक्षात कुणालाच काही जास्त कळलेलं नसतं. प्रत्येक जण आधीच्याच्या भीतीला माहिती समजत असतो. शिवाय नोकरीचा हिशोब आहे. बदनाम मुलगा घेतला आणि तो बिघडला, तर निर्णय घेणाऱ्या एकट्याची मान अडकते. चांगला मुलगा सोडला, तर चूक अकरा जणांत वाटली जाते. आम्हाला वाटतं, घसरणीचं खरं यंत्र इथे आहे. एकट्याने चुकण्यापेक्षा घोळक्यात चुकणं माणसाला स्वस्त पडतं.

पण इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. अकराच्या अकरा जण घाबरले होते असं म्हणणं सोपं आहे, खरं नाही. अकरावी पाळी मिनेसोटाची होती. त्यांनी डेरिक अलेक्झांडर नावाचा, पण कडेला खेळणारा लाइनमन घेतला. आता आठवा, सॅपच्या मधल्या जागेवर त्यांच्याकडे आधीच कोण होतं? जॉन रँडल! साखळी बांधून आलेला तोच. त्यांना त्या जागी माणूस नको होता, असं म्हणायला जागा आहे. ईगल्सची गोष्ट वेगळी. सातवी पाळी मुळात टॅम्पाची होती. ती ईगल्सने बदली करून मिळवली आणि माइक ममुलाला घेतलं. इंडियानापोलिसला दरवर्षी ड्राफ्टआधी मुलांच्या धावण्या-उड्या मोजतात, त्याला कम्बाइन म्हणतात. ममुलाने त्या मोजमापांसाठी खास तयारी केली होती आणि तिथे तो चमकला. मघाशी म्हटलं ना, लाइनमनची किंमत आकड्यांत पकडणं अवघड, म्हणून जो आकडा हाताशी येतो त्याला माणूस चिकटतो. ममुला वाईट नव्हता. पाच हंगामांत ३१.५ सॅक काढले. सॅपचे कारकिर्दीत ९६.५ झाले.

टॅम्पाने काय केलं? तो संघ तेव्हा लीगमधला थट्टेचा विषय होता. सलग बारा हंगाम, प्रत्येकात दहा किंवा जास्त पराभव. त्यांनी सातवी पाळी देऊन बारावी घेतली आणि वर दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या मिळवल्या. बाराव्याला सॅप आला. मग दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या देऊन ते पुन्हा पहिल्या फेरीत शिरले आणि २८ व्या क्रमांकावर डेरिक ब्रूक्सला घेतलं. तोही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. म्हणजे इतरांच्या भीतीतून टॅम्पाला मोठा नफा झाला.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, आणि चुकीची होईल. कारण आपण आत्तापर्यंत फक्त जिंकलेल्यांची नावं घेतली. त्याच टॅम्पाची दुसरी गोष्ट ऐका. २०११ मध्ये क्लेमसनचा डा'क्वान बॉवर्स हा मोठ्या आशेचा लाइनमन होता. आदल्या हंगामात १५.५ सॅक, देशात सर्वाधिक. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि डॉक्टरांना गुडघा टिकेल की नाही याची खात्री नव्हती. तो घसरत घसरत ५१ व्या क्रमांकावर आला आणि टॅम्पाने पुन्हा हात पुढे केला. पुढच्याच वर्षी त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला. कारकीर्द उभी राहिलीच नाही. तोच संघ, तोच डाव, आणि या वेळी शंका घेणारे बरोबर निघाले. बॉवर्सचं नाव चाहत्यांच्या गप्पांत येत नाही, सॅपचं येतं. म्हणून घसरलेला खेळाडू म्हणजे हमखास हिरा, असा आपला समज होऊन बसतो.

मग शंका खरी की खोटी, हे त्या रात्री कसं ओळखायचं? आम्हाला वाटतं, इतिहासकार कागदाला जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारावेत. हे कुणाला माहीत होतं? कसं माहीत होतं? कुणी तपासलं? २०१८ मध्ये मिशिगनच्या मॉरिस हर्स्टला कम्बाइनमध्ये हृदयाच्या आलेखात दोष दिसला म्हणून चाचण्यांआधीच घरी पाठवलं. नंतरच्या तपासण्यांत त्याला खेळायची परवानगी मिळाली, तरी तो पाचव्या फेरीपर्यंत खाली गेला. पण तिथे निदान डॉक्टरांसमोर एक आलेख होता. संघाने घाबरावं की नाही यावर वाद होईल. काहीतरी बघून घाबरले, हे मान्य करावं लागतं.

आणि २०२३ चा जेलन कार्टर. जॉर्जिया विद्यापीठाचा, त्या वर्षीचा कदाचित सर्वात ताकदवान लाइनमन. १५ जानेवारीला पहाटे, संघाच्या विजयाच्या जल्लोषानंतर काही तासांत, एका गाडीला अपघात झाला. संघातला एक खेळाडू आणि एक महिला कर्मचारी, दोघांचा जीव गेला. कार्टर दुसऱ्या गाडीत होता. त्या गाडीशी शर्यत लावल्याचा आणि बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. मार्चमध्ये त्याने न्यायालयात आरोपांना विरोध केला नाही. त्याला एक वर्षाची देखरेख, दंड आणि ८० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. इथे निनावी पत्र नाही, न्यायालयाचा कागद आहे. दोन माणसं गेली आहेत. असं असताना त्याची गोष्ट नुसती किती क्रमांक घसरला या हिशोबात सांगणं आम्हाला बरं वाटत नाही. संघांनी थांबून विचार केला तर त्याला भेकडपणा म्हणता येणार नाही.

शेवटी ईगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. त्यांच्या संघात त्याचे जॉर्जियातले जुने सहकारी आधीपासून होते, म्हणजे त्याला जवळून ओळखणारी माणसं घरातच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला तेव्हा कार्टर त्यांच्या मधल्या फळीत होता. पण हा विजय अपघाताच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हेही तितकंच खरं. माणूस चांगला खेळला म्हणून आधीची शंका चुकीची ठरत नाही, आणि खेळला नाही म्हणून बरोबरही ठरत नाही.

पैशाचं एक सांगून थांबतो. १९९५ मध्ये करार घासाघीस करून ठरायचा. २०११ पासून प्रत्येक क्रमांकाचा भाव जवळपास बांधलेला आहे. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकाला चार वर्षांचे सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, नवव्याला सुमारे २ कोटी २० लाख. आकडे मोठे आहेत, आपल्याला हसू येईल. पण लाइनमनचं शरीर किती वर्षं टिकेल याची हमी नसते, आणि अनेकांना हाच एक करार मिळतो. शंका खोटी निघाली तर संघाचं फार काही जात नाही. स्वस्तात मिळालेला खेळाडू हा कुणाचा तरी फायदाच असतो. मुलाला मात्र मधला फरक परत मिळत नाही. सॅपच्या बाबतीत बातमी फोडणाऱ्याचा एक पैसाही गेला नाही.

तेव्हा येत्या एप्रिलमध्ये कुणी तुम्हाला विचारलं की अमुक लाइनमन घसरेल का, तर लगेच हो-नाही करू नका. उलट विचारा : उंची कुणी मोजली, शंका कुठून आली, ती कुणी तपासली, आणि तो घसरला तर फायदा कुणाचा? एवढी उत्तरं मिळाली तर निम्मा ड्राफ्ट कळला. उरलेला निम्मा कळायला पाच-सात वर्षं थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊया.